उंदीर शिरणार नाही अशी शेड

चिंचणीला आमच्या घरामागे एक शेड आहे. निळ्या पत्र्याची, बारा फूट बाय दहा फूट, खाली कोबा, दाराला रबराची पट्टी, आणि कुलूप असं की चोराने लांबूनच नमस्कार करून घरी जावं. येणारा-जाणारा थांबून विचारतो, "कोणाकडून केली हो? बरी दिसते." मी सांगतो. पत्रा किती जाडीचा, खांब किती खोल गाडले, कोबा किती दिवस भिजवला, सगळं सांगतो. एक गोष्ट तेवढी सांगत नाही. ती तोंडाने सांगायची माझी हिंमत नाही, म्हणून इथे लिहितोय.

मी बोईसरच्या एका केमिकल कंपनीत बत्तीस वर्षं स्टोअरकीपर होतो. माल बनवणारे वेगळे, विकणारे वेगळे. आमचं काम एकच, सांभाळायचं. आलेला माल ओला होऊ द्यायचा नाही, गंजू द्यायचा नाही, कोणाच्या खिशातून बाहेर जाऊ द्यायचा नाही. निरोपाच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं, ते घड्याळ सहा महिन्यांत बंद पडलं ते सोडा. पण साहेब भाषणात म्हणाले, "या माणसाच्या हातून कधी एक नटसुद्धा हरवला नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते वाक्य मी घरी घेऊन आलो आणि त्याच वाक्याने घात केला. माणसाने निवृत्त होताना घड्याळ घरी न्यावं, शहाणपण कंपनीतच ठेवून यावं.

घरी आल्यावर पहिले पंधरा दिवस बरे गेले. मग मला स्वयंपाकघरातले डबे दिसायला लागले. डाळीच्या डब्यात साखर, साखरेच्या डब्यात सुया-दोरे. मी चिठ्ठ्या चिकटवल्या. बायकोने दोन दिवस पाहिलं आणि म्हणाली, "अहो, माझ्या स्वयंपाकघरात तुमची कंपनी काढू नका. एवढंच सांभाळायची हौस असेल तर मागची ती खोली बघा. काल सरपण आणायला गेले तर पायावरून धामण गेली. तुमच्या स्टोअरात फिरली असती का धामण?"

माझ्या स्टोअरात धामण! जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिऊन मी परसात गेलो आणि त्या खोलीसमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिलो.

खोली कुडाची होती. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा गिलावा, वर कौलं, आणि कौलं फुटली होती तिथे गवत कोंबलेलं. आत आईचं राज्य. लाकूडफाटा, गोवऱ्या, कांद्याच्या माळा, पावसाळ्यासाठी भरून ठेवलेली सुकी मासळी, एका अंगाला आंघोळीचं पाणी तापवायची चूल. आणि चुलीच्या पलीकडच्या कोपऱ्यात कणगी. कणगी म्हणजे बांबूच्या पट्ट्यांची विणलेली, आतून-बाहेरून शेणाने सारवलेली, छातीएवढी उंच टोपली. चुलीचा धूर रोज तिच्या अंगावरून जायचा, म्हणून ती काळी पडलेली. त्या कणगीत आईचं बी असायचं.

या बियाणाबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं म्हणजे एका म्हाताऱ्याची उगाच कुरकुर वाटेल.

आईचं माहेर तारापूरच्या बाजूचं. ते गाव आता नाही. जमीन प्रकल्पात गेली, कुंपण आलं, माणसांना दुसरीकडे ओळीने घरं बांधून दिली. आई "माहेर गेलं" म्हणते, एखादं माणूस गेलं म्हणतात तसं. पण हे सगळं व्हायच्या आधी आईचं लग्न झालं, आणि निघताना तिच्या आईने तिच्या ओटीत तांदळाऐवजी न कांडलेलं, टरफलासकट भात घातलं. लाल भाताचं बी. सासरची जमीन खाडीकाठची, खारी, तिथे साधं भात जळून जातं हे आजीला ठाऊक होतं. हे लाल भात खाऱ्या पाण्याला दाद देत नसे. आईने पहिल्या वर्षी त्या मूठ-दोन मुठींचं एक वाफाभर केलं, पुढच्या वर्षी चार वाफे केले, आणि तेव्हापासून दर वर्षी त्याच भाताचं बी धरत आली. माहेरचं घर गेलं, विहीर गेली, आजी गेली. बी तेवढं राहिलं. ते भात शिजलं की आई पहिला घास तोंडात घालून क्षणभर थांबायची. आम्ही लहानपणी हसायचो, "आई माहेरी गेली" म्हणायचो. ती पण हसायची.

आणखी एक रीत होती. कार्तिकात झोडणी झाली की बियाणाचे दोन वाटे व्हायचे. एक वाटा आमच्या कणगीत, दुसरा दोन घरं सोडून राहणाऱ्या मावशींच्या कणगीत. मावशी म्हणजे आईची मैत्रीण, रक्ताचं नातं काही नाही. तसंच मावशींच्या बियाणाचा एक वाटा आमच्याकडे. त्यांनीही बी मुळात आईकडूनच नेलेलं. एका घराला आग लागली, एका घरात पाणी शिरलं, उंदीर झाले, तर दुसऱ्या घरी आहेच. पूर्वी आमच्या आळीत पाच-सहा घरांत ही देवघेव चालायची. मग कोणाची पोरं कंपनीत लागली, कोणी जमीन विकून बंगला बांधला, कोणी म्हणालं रेशनचा तांदूळ असताना चिखलात कोण मरतंय. शेवटी दोनच घरं राहिली. दोन म्हाताऱ्या, दोन टोपल्या, आणि मधलं मोडकं कुंपण.

तर मी त्या खोलीसमोर कमरेवर हात ठेवून उभा होतो. आई म्हणाली, "कूड सारवला नि चार कौलं बदलली का झालं."

"आई, आता कारवी आणून देणारं कोण राहिलंय?"

खरं सांगायचं तर मी कोणाला विचारलंसुद्धा नव्हतं. मला डागडुजी नकोच होती. मला शेड निवडायची होती. हातात वेळ होता, टेप होती, वही होती, आणि बत्तीस वर्षांत पहिल्यांदा असं स्टोअर होणार होतं ज्याच्यावर कुठला साहेब नव्हता.

तीन महिने मी शेड निवडत होतो. तेवढ्या वेळात लोक पोरीला स्थळ बघून लग्नसुद्धा उरकतात. आधी मोबाईलवर एक प्लास्टिकची पाहिली. चित्रात गोरी माणसं, हिरवळ, आणि शेडमध्ये एकच सायकल. आमच्या ज्येष्ठातल्या वाऱ्यात ती शेड थेट वाणगावला जाऊन पडली असती. मग पालघरला जाऊन सिमेंटच्या पत्र्याची चौकशी केली. तिथला दुकानदार माझ्याकडे न बघता बोलत होता, म्हणून मी उठून आलो. विटांची खोली घ्यावी तर भिंत नेमकी आईच्या शेवग्यावर येत होती, आणि आईने शेवग्याला हात लावू दिला नाही. बोईसरला एका भंगारवाल्याकडे कंपनीतून निघालेली आख्खी केबिन होती, स्वस्तात. आत डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं. मी ज्या वासात बत्तीस वर्षं काढली तोच वास होता. तो वास घराच्या मागे आणायला मी काही वेडा नव्हतो. बघा, एवढी अक्कल होती मला. एवढ्यापुरतीच होती.

शेवटी सालवडला एक फॅब्रिकेटर भेटला. उत्तरेकडचा, पन्नाशीचा, डोळ्यांवर काळा चष्मा, दोन्ही हातांवर वेल्डिंगचे डाग. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग मला आजवर कोणीच न विचारलेला प्रश्न विचारला.

"साहब, इसमें रखना क्या है?"

"सामान."

"कैसा सामान?"

"घर का सामान. और क्या."

"अनाज-वनाज रखना हो तो ऊपर जाली छोड़ देते हैं. नहीं तो मई में अंदर भट्टी हो जाएगी."

"जाली से चूहा आएगा," मी म्हणालो.

"चूहा तो आएगा ही, साहब. थोड़ा वो भी खाएगा." आणि तो हसला.

मला ते हसणं आवडलं नाही. थोडं खाणारा उंदीर! असं चालवून घेतलं असतं तर माझ्यासाठी टाळ्या वाजल्या असत्या का? मी त्याला ठणकावून सांगितलं की जाळी नको, फट नको, पत्रा आणि भिंतीचा सांधा बंद, दाराला रबर, खाली कोबा. उंदीर काय, मुंगी शिरता कामा नये. त्याने खांदे उडवले आणि वहीत लिहून घेतलं. त्या माणसाने मला शेड विकायच्या आधी खरं सांगितलं होतं. हल्ली असं कोण सांगतं? पण मी तर उंटावरचा शहाणा, मला खालचं कसं दिसणार.

दिवाळीच्या आधी कुडाची खोली पाडली. अर्ध्या दिवसात पडली, एवढा कमी जीव होता तिच्यात. चूल मोडली, कारण पत्र्याच्या शेडमध्ये धूर कशाला, घरात गिझर घेतला. कणगी उचलायला गेलो तर तिचा तळ वाळवीने पोखरलेला. मी ती आईला दाखवली, अगदी पुरावा सापडल्यासारखी. "बघ, यात ठेवतेस तू बी." आई म्हणाली, "दर दोन-तीन वर्सांनी नवी विनून घेतो आपन. औंदा घ्यायची हायच." मी कणगी बाजूला फेकली.

कंपनीत निळी पिंपं असतात, जाड प्लास्टिकची, झाकणाला लोखंडी कडी लावून घट्ट बसवायची. बोईसर-तारापूरच्या निम्म्या घरांत ती आहेत, कोणी पाणी भरतं, कोणी तांदूळ. मी दोन कोरी पिंपं आणली. कोरी, वापरलेली नव्हेत. तेवढी काळजी घेतली, हे मी स्वतःला आजही ऐकवतो.

शेड पूर्ण झाली त्या दिवशी आईला आत नेलं. ती मध्ये उभी राहिली. मी कौतुकाने दार लावून घेतलं, कसं घट्ट बसतं ते दाखवायला. अंधार झाला. आई अंधारातून म्हणाली, "इथं जीव घुसमटतो रे. भाताला वारा कुठनं मिलायचा?"

मी दार उघडत म्हणालो, "आई, भात काय श्वास घेतं?"

सत्तर पावसाळे जिने भात हाताळलं त्या बाईला मी, स्टोअरातला कारकून, भाताबद्दल शिकवत होतो. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

त्याच आठवड्यात झोडणी झाली आणि मावशी टोपली घेऊन आल्या. टोपली शेणाने सारवून वाळवलेली, वर फडकं. आईचा वाटा न्यायला आल्या होत्या, आणि त्यांच्या बियाणाचा वाटा सुनेच्या डोक्यावर होता. मी त्यांना आधी शेड दाखवली. त्यांनी पत्र्यावर बोटं वाजवली, कोब्यावर पाय घासला, दाराचं रबर चिमटीत धरून पाहिलं. "बाबा बाबा बाबा," त्या म्हणाल्या, "इथं तर मुंगी पन नाय शिरायची."

झालं! कोणीतरी पारख केली. मी फुगलो. म्हणालो, "मावशी, मग आता ती देवघेव कशाला? तुमच्या घरात केवढे उंदीर. तुमचं सगळं बी इथेच आणून ठेवा. वाटा नको, सगळंच. एक पिंप आईचं, एक तुमचं. ज्येष्ठात येऊन घेऊन जा, दाणा कमी भरला तर मला विचारा."

मावशी आईकडे बघायला लागल्या. "दोन घरी असावं बाबा बी. आमी असंच करत आलो."

"अहो, ते जुनं. तेव्हा घरं कुडाची होती."

आई म्हणाली, "असू दे की रे. तिचं तिला नेऊ दे, माजं थोडं नेऊ दे." पण ती हळू म्हणाली. मुलगा निवृत्त होऊन घरी आलाय, कुठे मन रमत नाही त्याचं, त्याने एवढ्या हौसेने काही बांधलंय, हे तिच्या मनात असणार. मला ते तेव्हाच तिच्या चेहऱ्यावर दिसलं होतं आणि मी त्याचा फायदा घेतला. मावशी पण भिडस्त. संध्याकाळपर्यंत त्यांच्या कणगीतलं सगळं बी आमच्या शेडमध्ये. मी दोन्ही पिंपांना कडी लावली, वर चिठ्ठ्या डकवल्या आणि किल्ली खिशात टाकली. आईकडे दिली नाही. बत्तीस वर्षांची सवय, किल्ली एकाच माणसाकडे असावी.

थंडी गेली. फाल्गुनात पत्रा तापायला लागला. चैत्रात दुपारी शेडचं दार उघडलं की तोंडावर झळ यायची. बायकोला सरपण काढून द्यायला मी सकाळी लवकरच कुलूप उघडायला लागलो. एक दिवस फळीवरचं मेणबत्त्यांचं पाकीट काढलं तर सगळ्या मेणबत्त्या वाकून एकमेकींना चिकटलेल्या. मी त्या घरात आणून ठेवल्या. हे वाक्य पुन्हा वाचा. मेणबत्त्या मी घरात आणून ठेवल्या. त्यांच्या शेजारी दोन पिंपं उभी होती, त्यांच्याकडे बघून माझ्या डोक्यात काहीही आलं नाही.

वैशाखात आईने किल्ली मागितली. दर वर्षी वैशाखात ती मूठभर बी काढते, ओल्या फडक्यात बांधते आणि तीन-चार दिवसांनी उघडून किती दाण्यांना मोड आले ते बघते. मी म्हणालो, "आता पिंप उघडायचं नाही. दमट हवा शिरेल, बी खराब होईल. एकदम ज्येष्ठात उघडू." चार दिवसांनी तिने पुन्हा मागितली. मी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा मागितली तेव्हा मी चिडलो. "अगं, माझ्यावर विश्वास आहे की नाही?" त्यानंतर तिने मागितली नाही. स्वतःच्याच परसातली किल्ली माझ्याकडे आता कशी मागावी, असं त्या बाईला झालं होतं.

ज्येष्ठात मी पिंप उघडलं. कडी सोडली, झाकण काढलं, आणि आतून गरम, आंबूस वास आला. बुडाशी दाणे ओलसर, एकमेकांना चिकटलेले. घातलं तेव्हा भात पुरतं सुकलेलं नव्हतं, झोडून चारच दिवस झाले होते. कणगीत ते हळूहळू सुकत गेलं असतं. पिंपात ते सहा-सात महिने स्वतःच्याच वाफेत शिजत होतं. आईने मूठभर उचलून नाकाशी नेलं आणि परत ठेवलं. म्हणाली, "भिजवून तर बघू."

खाऱ्या जमिनीत आम्ही बी कोरडं टाकत नाही. एक दिवस पाण्यात भिजवायचं, मग टोपलीत पळसाची पानं घालून दाबून ठेवायचं, वर गवत, वर दगड. तिसऱ्या दिवशी टोपली उघडली की पांढरे टोकदार मोड आलेले असतात आणि हात घातला तर आत ऊब असते. आईने टोपली भरली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने दगड काढला, गवत काढलं, पानं उचलली. मी मागे उभा होतो. दाणे जसेच्या तसे. ती म्हणाली, "उद्या येतील." चौथ्या दिवशी बुळबुळीत झाले. पाचव्या दिवशी टोपलीवर माश्या. तिने टोपलीत हात घातला, कोपरापर्यंत, आणि तळातून एकेक मूठ वर काढून तळहातावर पसरून बघायला लागली. चष्मा लावला. मूठ टाकायची, दुसरी काढायची. सगळी टोपली तिने तशी बघितली. एका दाण्यालाही मोड नव्हता.

मी मावशींच्या पिंपाला हात लावायची हिंमत करत नव्हतो. बायकोनेच एक मूठ काढून ओल्या फडक्यात बांधली, घरातल्या देवापाशी ठेवली. तिथेही तेच.

मग मी धावलो. आता धावून काय उपयोग, पण धावलो. पालघरला शेतीच्या कचेरीत गेलो, तिथल्या माणसाने सभ्यपणे दोन सुधारित जातींची नावं सांगितली. बोईसरच्या दुकानात चकचकीत पाकिटं होती, पाकिटावर हसणारा शेतकरी. आईच्या माहेरची माणसं जिथे वसवली तिथे गेलो, ओळीतल्या घरांत दार वाजवत फिरलो. एका ओट्यावर आईच्या नात्यातला एक म्हातारा बसला होता. त्याला बियाणाचं नाव सांगितलं तर त्याचे डोळे चमकले. मला वाटलं, सापडलं! तो म्हणाला, "हाय अजून तुमच्याकडं? मना मूठभर आनून दे ना रे. नुसतं बघाया." मी मान खाली घालून निघून आलो.

घरी आलो तेव्हा आई ओट्यावर शेंगा सोलत होती. मी सांगितलं, कुठेच नाही. ती म्हणाली, "जेवलास?" मला रडू फुटलं. साठी ओलांडलेला माणूस मी, परसात उभा राहून रडलो, आणि आई शेंगा सोलत राहिली. ती चिडली असती, शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "तिला काय सांगायचं?" तिला म्हणजे मावशींना.

मावशी दुसऱ्याच दिवशी आल्या. टोपली सारवलेली, वर धुतलेलं फडकं. "चला, आमचं बी द्या," असं दुरूनच म्हणत कुंपण ओलांडून आल्या. मी शेडच्या दारापाशी होतो, किल्ली हातात. तोंड उघडलं. मी खरं सांगणार होतो, देवाशप्पथ सांगणार होतो. तेवढ्यात आई मागल्या दारातून आली आणि माझ्या पुढे उभी राहिली.

"उंदरांनी खाल्लं, बाय," ती म्हणाली. "तुजं पन, माजं पन."

माझी आई आयुष्यात कधी खोटं बोलली नव्हती. निदान मैत्रिणीशी तरी नाही.

मावशींनी आईकडे पाहिलं. मग शेडकडे. उघड्या दारातून दोन पिंपं दिसत होती, झाकणं जागच्या जागी. त्यांची नजर कोब्यावरून गेली, पत्र्याच्या सांध्यावरून गेली, दाराच्या रबरावर थांबली. सहा-सात महिन्यांपूर्वी याच रबराला त्यांनी चिमटीत धरलं होतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान खाली घातली.

"मेले उंदीरच," मावशी म्हणाल्या. "त्यांचं काय, कुठनं पन येतात."

आणि त्या आईशेजारी पायरीवर बसल्या. बायकोने चहा केला. दोघी गुडघ्यांबद्दल बोलल्या, बोंबील किती महाग झाले त्याबद्दल बोलल्या. निघताना आईने शेवग्याच्या शेंगा तोडून त्यांच्या टोपलीत घातल्या, आलेली टोपली रिकामी परत पाठवायची नाही म्हणून. बियाणाच्या टोपलीत चार शेंगा घेऊन मावशी कुंपण ओलांडून गेल्या.

त्या वर्षी त्यांची जमीन पडीक राहिली. आमच्या जमिनीत मी दुकानातलं पाकीट आणून पेरलं. भाद्रपदात खाडीचं पाणी चढलं आणि ते पिवळं पडून गेलं. आई बघायला आली नाही. नंतरही कुठल्याच वर्षी आली नाही. आता ती रेशनचा तांदूळ जेवते, पहिला घास घेऊन थांबत नाही, भराभर जेवून ताट उचलते.

किल्ली मी तिच्या उशाशी नेऊन ठेवली होती. दुसऱ्या दिवशी ती माझ्या शर्टाशेजारी खुंटीला लटकत होती. शेडमध्ये आता सरपण आहे, जुना पाळणा आहे, आणि दोन निळी पिंपं, धुऊन पालथी घातलेली. दर महिन्याला मी जाऊन झाडतो, कोपरे बघतो, सांधे बघतो. तीन वर्षं झाली. एकही उंदीर शिरलेला नाही.